कांदे आणायला गेलेला तिमार्खोस

होडी वाळूला टेकायच्या आतच तिमार्खोसने पाण्यात उडी टाकली आणि गुडघाभर लाटांतून तो धावत सुटला. तेरा वर्षांनी घर! दहा वर्षं राजांनी एका दूरच्या शहराला घातलेल्या वेढ्यात गेली होती आणि तीन परतीच्या वाटेवर. तीच टेकडी, तीच ऑलिव्हची झाडं, तोच बकऱ्यांचा वास. त्याला रडूही येत होतं आणि हसूही. मेलिता, त्याची बायको, समोर आली की पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं.

किनाऱ्यावर त्याला पहिल्यांदा भेटला तो आरिस्तोन, बेटावरचा एकुलता एक गायक. काखेत वाद्य, दाढीला तेल.

"तिमार्खोस? अरे, तू मेला नाहीस?"

"नाही बुवा!"

"मग होतास कुठं? राजांची गलबतं चाळीस दिवसांत परत आली!"

तिमार्खोसने मान खाली घातली. "पहिल्याच बंदरात आचाऱ्याने मला कांदे आणायला खाली धाडलं. कांदे आणले, गलबतात चढलो, झोपलो. जाग आली तर सगळे अनोळखी! सगळी गलबतं काळीच असतात रे. ते निघालं होतं इजिप्तला."

"बरं, मग तिथून?"

"तिथून आपल्या बेटाकडचं गलबत पकडलं. म्हणजे, मला आपल्याकडचं वाटलं."

"असं किती वेळा झालं?"

"चार."

आरिस्तोनने कपाळावर हात मारला. "हे कुणाला सांगू नकोस! परत आलेल्या प्रत्येकाचं गाणं आहे इथं. एका वल्हेकऱ्याचा नुसता अंगठा ठेचला होता, त्याच्यावर चाळीस ओळी आहेत माझ्या. आणि तू जाऊन मेलिताला कांदे सांगणार? हे बघ, आज राजांच्या अंगणात समुद्रदेवाचा उत्सव आहे. सगळं बेट तिथंच आहे, मेलितासुद्धा. तू डोक्यावरून घोंगडी घे आणि मागं बस. मी गातो. शेवटी तुझ्याकडे बोट करीन, मग उठायचं."

तिमार्खोसला ते पटलं. रिकाम्या घरी जाऊन तरी काय करणार होता तो?

अंगणात भाजलेल्या बैलाचा घमघमाट सुटला होता. आरिस्तोनने नेहमीसारखे डोळे मिटले, "गीतदेवी माझ्या कानात सांगते आहे," असं म्हटलं आणि सुरुवात केली. वादळ उठलं, शीड फाटलं, लोकांची तोंडं चावायची थांबली. मग पाठीवर वारा घेऊन तीन दिवस, डावीकडचं वळण आणि लाल कड्यामागच्या बेटावर तीन हातांचा राक्षस आला. त्याच्या बैलाएवढ्या मेंढ्या आल्या. लोक ओरडायला लागले. ओरडा ऐकून आरिस्तोनला चेव आला आणि त्याने एक चेटकीणही आणली. सोनेरी केस, सुगंधी गुहा, मऊ पलंग आणि तिथं अडकलेला आपला वीर, वर्षभर! घोंगडीखाली तिमार्खोस खोकून खोकून बेजार झाला, पण गायकाला ऐकू येईल तर ना.

"आणि तो वीर," आरिस्तोनने बोट केलं, "हा इथं बसलाय!"

तिमार्खोस उठला. एकच गलका झाला. राजा हेगियासने धावत येऊन मिठी मारली. गर्दी बाजूला सारत मेलिता आली. तिचे डोळे भरून आले होते. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तिमार्खोस..."

"मेलिता!"

"दिसायला कशी होती ती?"

"कोण?"

"सोनेरी केसांची. वर्षभर!" आणि भाकऱ्यांची टोपली त्याच्या डोक्यावर उपडी झाली.

"आरिस्तोन, हिला सांग!" तिमार्खोस किंचाळला.

"गाण्यात आलं ते आलं," आरिस्तोन पुटपुटला.

"चेटकीण राहू दे!" राजा मध्ये पडला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बैलाएवढ्या मेंढ्या! यंदा आपले निम्मे कळप रोगाने गेले. गलबत तयार करा! उद्या पहाटे निघायचं, आणि वाट दाखवायला तिमार्खोस!"

तरुण पोरांनी जल्लोष केला. तिमार्खोसने राजाचा हात धरला. घराचा उंबरा अजून पाहिला नव्हता आणि पुन्हा गलबत!

"राजे, सगळं खोटं आहे! मी कांदे आणायला उतरलो आणि चुकीच्या गलबतात चढलो. चार वेळा!"

"बघा, किती नम्र आहे!" राजा गहिवरला.

पण मेलिताचा वर गेलेला हात तिथंच थांबला. "काय म्हणालास? कांदे?"

"शप्पथ."

"राजे, हा खरं बोलतोय," ती वळून म्हणाली. "लग्नाच्या दिवशी हा मला न्यायला आला तो थेट शेजारच्या घरी. तिथं जेवलासुद्धा."

"माझ्याच घरी!" गर्दीतून म्हातारा कुंभार ओरडला. "चार भाकऱ्या खाल्ल्या!"

अंगणात हशा पिकला. मेलितालाही हसू आवरेना. हसता हसता ती रडायला लागली आणि तिने नवऱ्याच्या केसांतले भाकरीचे तुकडे एकेक करून काढले. तिमार्खोसला वाटलं, झालं, पोचलो एकदाचा.

राजा मात्र हसत नव्हता. दाढी कुरवाळत तो म्हणाला, "कांद्यांचं खरं असेल. पण लाल कडा, डावीकडचं वळण, पाठीवर वारा घेऊन तीन दिवस... एवढा तपशील हवेतून येत नाही. आरिस्तोन, गीतदेवी तुझ्या कानात सांगते ना?"

आरिस्तोनचा चेहरा पांढराफटक पडला. नाही म्हणावं तर तेवीस वर्षांचा गाण्याचा धंदा बुडत होता.

"सांगते की," तो कसाबसा म्हणाला.

"खोटं सांगते का ती?"

"छे छे! देवी कशी खोटं सांगेल?"

"मग वाट तुलाच पाठ आहे!"

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं बेट किनाऱ्यावर लोटलं. तिमार्खोस आणि मेलिता हातात हात घालून उभे होते. आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात न उतरलेला आरिस्तोन डोलकाठीला मिठी मारून बसला होता. दोर सुटले, वल्ही पाण्यात पडली आणि शिडात वारा भरला.

"राजे, थांबा!" आरिस्तोनचा आवाज लाटांवरून आला. "अजून परतीचा भाग रचलेला नाही!"

"मग वाटेत रच की!" सुकाणूजवळून राजा म्हणाला.