सईच्या बालपणातील त्रुटी

थोर व्हायचे असेल तर माणसाला आधी वाईट बालपण असावे लागते, याबद्दल जाणकारांत आता मतभेद उरलेला नाही. (सामान्य माणसांनाही वाईट बालपण असते, पण त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही.)

कुळगावात राहणारे राजेंद्र खानविलकर हे सत्य स्वतः वाचून शिकले होते. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते गुणवत्ता विभागाचे अधिकारी. दिवसा रंगाचे नमुने तपासायचे आणि उरलेला वेळ कादंबऱ्या आणि आत्मचरित्रे वाचायची. वाचायची म्हणजे कशी, तर एका कादंबरीतली नायिका बाळंतपणात गेली तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज टाकला होता. कारण : निकटच्या व्यक्तीचे निधन.

"नातं काय?" साहेबांनी विचारले.

"तिसऱ्या प्रकरणापासून ओळख होती," राजेंद्र रुमाल काढत म्हणाले. रजा मंजूर झाली. (बिनपगारी.)

त्यातही आत्मचरित्रांवर त्यांचा विशेष जीव. कोणत्या लेखकाची धाकटी बहीण कोणत्या तापाने गेली, कोणाच्या आईने पोथीचे बासन विकून फी भरली, हे त्यांना तोंडपाठ होते. समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांचे नाव मात्र त्यांना एकदा चुकून आलेल्या कुरिअरच्या पाकिटावरून कळले.

अशाच एका संध्याकाळी, एक थोर लेखक उपाशीपोटी नदी पोहून शाळेत जात असताना, राजेंद्रनी पुस्तकात बोट घालून मान वर केली. समोर सोफ्यावर त्यांची नववीतली मुलगी सई चीज टोस्ट खात पसरली होती. राजेंद्रच्या काळजात चर्र झाले. ही मुलगी उद्या मोठी झाली आणि आत्मचरित्र लिहायला बसली, तर पहिल्या प्रकरणात लिहिणार काय? 'आमच्याकडचे वायफाय कधी कधी जात असे.' पुढे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सईच्या बालपणाची रीतसर तपासणी केली. दारिद्र्य : आढळले नाही. उपासमार : आढळली नाही, उलट ॲसिडिटी. अपमान : अपुरा (गरब्याच्या ग्रुपमधून एकदा वगळले होते, पण नंतर पुन्हा घेतले). जुलमी वडील : पदावर राजेंद्र स्वतःच, पण ते सदैव वाचत असल्यामुळे जुलूम करायला त्यांना सवड मिळालेली नव्हती. एकूण शेरा : माल नामंजूर.

"उद्यापासून सईला बालपण द्यायचं," त्यांनी जेवताना जाहीर केले.

"मग चौदा वर्षं काय दिलं?" त्यांच्या पत्नीने, उमाने विचारले.

"ते नुसतंच गेलं," राजेंद्र म्हणाले.

प्रारंभ दिव्यापासून झाला. वाचलेल्या आत्मचरित्रांपैकी निम्म्याहून अधिक लेखक रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत असल्याचे राजेंद्रच्या ध्यानात आले होते. (उरलेले देवळात.) त्यांनी सईच्या टेबलावरचा दिवा काढून माळ्यावर टाकला आणि तिला वह्यांसह खाली धाडले. तेव्हा असे उघडकीस आले की त्यांच्या गल्लीतल्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत. राजेंद्रनी तक्रार केली. 'दिवा नसल्याने नागरिकांची थोर होण्याची गैरसोय होत आहे,' असे त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिले. तक्रार योग्य विभागाकडे पाठवली असल्याचा मेसेज आला. योग्य विभागाने ती दुसऱ्या योग्य विभागाकडे पाठवली.

अखेर कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीचा बल्ब तेवढा लखलखीत निघाला. सई तिथे स्टुलावर बसून बीजगणित सोडवू लागली. गाडीवाल्याला पोरीची इतकी दया आली की तो तिला रोज प्लेटभर मंचुरियन फुकट देऊ लागला. सईने याबद्दल कधीच तक्रार केली नाही. उलट आठवडाभरात तिने आपल्या दोन मैत्रिणींनाही गरिबीत ओढले.

"उपाशीपोटी अभ्यास करायचाय ना गं!" राजेंद्र कळवळून म्हणाले.

"बाबा, मी नाही म्हणते, पण अंकल ऐकतच नाहीत. आज तर ट्रिपल शेजवान दिलं, यार."

दुसरी त्रुटी शिळ्या भाकरीची होती. प्रत्येक आत्मचरित्रात शेजारची एक निरक्षर पण मायाळू म्हातारी असते आणि ती लेखकाला शिळी भाकरी देते. कुळगावच्या सोसायटीत सगळ्या म्हाताऱ्या पदवीधर होत्या आणि सकाळी योगा करत. म्हणून रविवारी राजेंद्र सईला घेऊन पालेगावात इंदुबाईंकडे गेले. इंदुबाईंचा मुलगा त्यांच्याच कारखान्यात होता. तो नोकरी करायचा ती सवय मोडू नये म्हणून. त्यांच्या भातशेतीवर आता चौदा मजली टॉवर उभा होता आणि त्यातला अख्खा पहिला मजला इंदुबाईंचा होता.

"शिली भाकर?" इंदुबाईंनी राजेंद्रना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "शिली भाकर म्हशीला घालतंव आमी. पोरीला नाय."

"तिच्या भल्यासाठीच मागतोय, आजी."

"बापूस हाय का कोन हाय रं तू?" असे म्हणून त्यांनी सईला आत नेले, एसी लावला आणि तव्यावरची गरम तांदळाची भाकरी अन् कोलंबीचे कालवण तिच्यापुढे ठेवले. राजेंद्रनाही वाढले. त्यांनी अत्यंत नाराजीने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

तिसरी आणि निर्णायक बाब फाटक्या कपड्यांची. घरात फाटके काही नव्हते, आणि धड कपडे फाडायला उमाचा ठाम विरोध होता. तेव्हा बापलेक उल्हासनगर कॅम्प एकमध्ये जीन्सच्या दुकानात गेले. सिंधी दुकानदार भूपेश मोठा सज्जन माणूस.

"थोडं फाटकं दाखवा," राजेंद्र हळू आवाजात म्हणाले. गरिबी मागताना त्यांना संकोच वाटत होता.

"साईं, साबूत घ्या ना, सस्तं पडेल," भूपेशने गिऱ्हाईकाच्या हिताचे सांगितले. "फाटलेल्याचा रेट वेगळा आहे. एक गुडघा फाटका पाहिजे की दोन्ही? मांडीवर पण आहे, पण तो एक्सपोर्टचा माल."

"इतकं महाग? मग खरे गरीब काय घालतात?"

भूपेशने क्षणभर विचार केला. "साबूत," तो म्हणाला.

सईने दोन्ही गुडघ्यांची घेतली. तिच्या मते हा तिच्या बालपणातला सर्वांत आनंदाचा दिवस होता. राजेंद्रनी आनंदाची नोंद त्रुटींमध्ये केली.

घरी आल्यावर सईने ती जीन्स आईला दाखवली. उमाने कापड उलटे केले, शिवणीवरून बोट फिरवले आणि शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री काढली. मग ती खाली बसून शिवणीला राहिलेले धागे पटापट कापू लागली. तिचे डोळे दुसरीकडेच होते. हात आपोआप चालत होते.

"आई, तुला कसं येतं हे?"

"आमच्या घरी हेच चालायचं," उमा म्हणाली. "बाबांचा कारखाना बंद पडला ना, तेव्हा आई कॅम्पातून धागा कटिंगचं काम आणायची. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जीन्सचे गठ्ठे. शाळेतून आलं की मी आणि तुझा मामा कात्री घेऊन बसायचो. रंग असा सुटायचा की सगळं निळं. पाण्याचा तांब्या निळा. आईने भाकरी थापली की तीही निळसर. तुझा मामा शाळेत सांगायचा, आमच्याकडे निळी ज्वारी येते."

सई हसली, मग हसायची थांबली. राजेंद्र पलीकडे खुर्चीत पुस्तकात बोट घालून बसले होते.

"परीक्षेच्या पेपरवर माझे ठसे उठायचे. बाई म्हणाल्या, शाईशी खेळतेस. दोन पट्ट्या मारल्या. मी सांगितलं नाही कशाचे ते. कोणालाच नाही." उमाने कात्री खाली ठेवली आणि प्रथमच नवऱ्याकडे पाहिले. "अहो, तुम्ही मला बघायला आलात ना, त्या दिवशी आईने माझे हात लिंबू लावून रेतीने घासले होते. पार रक्त आलं. तरी नखांत निळं राहिलंच. तुमच्या आईंनी विचारलं पण, मुलीला हृदयाचा त्रास तर नाही ना?"

"हो हो, आठवतं की!" राजेंद्र खुशीत म्हणाले. "मला वाटलं, फॅशन असेल."

उमा त्यांच्याकडे बघत होती. अठरा वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिने प्रथमच काढली होती आणि आता पुढे काहीतरी होईल, असे तिला वाटले असावे.

राजेंद्रनी खरोखरच विचार केला. ते वाचक होते. मजकुराची कदर त्यांना होती.

"विषयात दम आहे," ते म्हणाले. "पण सांगण्यात पकड नाही. ते निळ्या ज्वारीचं फार लवकर येऊन जातं. हेच मी छापलेलं वाचलं असतं ना, तर ढसाढसा रडलो असतो."

आणि मायलेकींच्या बोलण्याने लक्ष विचलित होत असल्यामुळे ते पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी हळूच लावले. ते सभ्य गृहस्थ होते.

"मग गं?" सई आईजवळ सरकली. "मग काय झालं? मामाला पण मारायचे?"

उमा सांगू लागली. थोड्याच वेळात आतून हुंदक्यांचा आवाज आला. उमा उठली, पाण्याचा पेला भरून आत ठेवून आली आणि परत येऊन बसली.

"कोण गेलं?" सईने विचारले.

"लेखकाची आई," उमा म्हणाली. "आपल्या ओळखीची नाही."

सईच्या बालपणाची योजना त्यानंतर गुंडाळण्यात आली. राजेंद्रच्या मते मुलीत मुळात दुःख सोसण्याची क्षमताच नव्हती. ती हल्ली रोज संध्याकाळी आईशेजारी बसून नुसत्या गप्पा मारत असते, पुस्तकाला हात लावत नाही, ही त्यांना मोठी चिंता आहे.

उमाबाईंसाठी तुमचाही जीव हळहळला असेल. हे चांगल्या वाचकाचे लक्षण आहे. त्याबद्दल तुमचे अभिनंदन करायला हवे. फक्त आता लगेच मान वर करू नका. मघाशी तुमच्या दाराशी कोणीतरी येऊन उभे राहिले होते, बहुधा काही सांगायचे होते. पण तुम्ही वाचताय असे पाहून ते माणूस परत गेले. समंजस आहे. नेहमीच जाते.