जोर नको, जागा बघ!

भाऊ शितप कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची परीक्षा घेत. बिजागरीजवळ एक बोट टेकवून दार ढकलत. ते हलत नसे. मग तेच बोट कडेला लावत आणि दार अलगद फिरे. "बघितलंत? जोर नको, जागा बघ!" असं म्हणून मगच आत पाऊल टाकत. आमच्या दारावर हा प्रयोग रोज होई आणि आमची ही दर वेळी कौतुकाने हसे. लग्नापासून बारा वर्षं मी तिला विज्ञान सांगत होतो. एकदाही ती तशी हसली नव्हती.

संगमेश्वराजवळच्या आमच्या गावात विज्ञानाचा शिक्षक मी एकटा, बी.एस्सी., बी.एड. भाऊ चौथी पास. मुंबईला गिरणीत फिटर होते. चार वर्षांपूर्वी बायको आजारी पडली तशी नोकरी सोडून शेजारच्या घरात येऊन राहिले. तिथपासून माझे ग्रह फिरले. मी फळ्यावर तरफेचे तीन प्रकार काढले की मागून आवाज येई, "सर, भाऊंनी दाखवलंय!" आमच्या गोबरगॅसची ज्योत मिणमिणायला लागली तेव्हा मी हिला मिथेनचं सूत्र समजावत होतो. तेवढ्यात भाऊंनी टाकीच्या झाकणावर चार चिरे ठेवले. दाब वाढला, ज्योत फुरफुरली, चहा उकळला. पहिला कप भाऊंना मिळाला.

मे महिन्यात आमची गाभण म्हैस विहिरीत पडली. पाणी गुडघाभर होतं म्हणून वाचली. दहा माणसं दोर लावून ओढत होती आणि दोर जांभ्याच्या कडेवर घासून झिजत होता. मी कोळशाने कठड्यावर गणित मांडत होतो. तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"मास्तर, जरा बाजूस व्हा," म्हणत भाऊ आले. तीन जाड वासे, गिरणीतल्या जुन्या कप्प्या आणि नवा दोर. वाशांचं तिकाटणं विहिरीवर उभं राहिलं. "आता चौघेच धरा. घाई नाय करायची. जोर नको!"

वासा करकरला. खोटं कशाला सांगू, तो मोडावा असं मला क्षणभर वाटलं. आणि म्हैस माझीच होती!

वासा मोडला नाही. म्हैस राणीसारखी वर आली. लोकांनी भाऊंना खांद्यावर घेतलं आणि आमची ही आनंदाने रडली. कठड्यावरचं माझं उत्तर अगदी बरोबर होतं, पण ते सांगू कुणाला?

आठ दिवसांनी म्हैस व्याली. "भाऊंकडे खरवस नेऊन द्या," ही म्हणाली. मी तोंड वाकडं करूनच गेलो. चार वर्षांत त्यांच्या पडवीच्या आत मी कधी गेलो नव्हतो.

माजघरात खाटेवर सुभद्रावहिनी पडून होत्या. कमरेखाली अंग लुळं. आढ्याला दोन कप्प्या, त्यांतून ओवलेला दोर, पाठीमागे कापडी पट्टा. दोर ओढला की आपल्या आपण उठून बसता यावं म्हणून.

"हल्ली हाताचं बळ पुरत नाय," वहिनी हसून म्हणाल्या. "पण हाक मारायला नको वाटतं. रात्री ते झोपलेले असतात."

भाऊ ओशाळले. मला पडवीत घेऊन आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडे येईन येईन म्हणत होतो. रोज येतो तुमच्या दारापर्यंत, पण विचारायचं राहून जातं. तुम्ही शिकलेले. मला कप्पी बसवता येते, हिशेब येत नाय. म्हशीचं जमलं अंदाजाने. हिच्यावर अंदाज नाय चालवायचा मला. पडली बिडली तर?"

चार वर्षं ज्या माणसावर मी जळत होतो, तो माझ्या डिग्रीकडे आशेने बघत होता. मी पेन्सिल काढली.

"उचलायचा भार किती?"

"कमरेवरचंच अंग उचलायचं, तीस किलो धरा."

"आणि वहिनींचा हात किती ओढतो?"

"दोराला ताणकाटा लावून रोज बघतो. दिवाळीत पंधरा होता. आता आठ."

मी खरवसाच्या भांड्यावरचा कागद सरळ केला आणि त्यावर आकृती काढली. "चार कप्प्या लावा. साडेसात किलोत काम होईल, घर्षणाचं थोडं वर. कप्प्यांना तेल लावा, जमेल."

भाऊंनी कागद हातात घेतला. "सहा लावल्या तर?"

"पाचात होईल. पण दोर सहापट ओढावा लागेल, वेळ फार जाईल. चार पुरतात, भाऊ."

"आज पुरतात," भाऊ म्हणाले.

आतून वहिनींनी विचारलं, "काय ठरलं हो?"

मी कागद परत घेतला, चार खोडलं आणि सहा लिहिलं.