मंदाताईचं हिरवं पुस्तक

मंगळवारी टँकर आला. हंड्यांच्या रांगेत मंदाताईचा हंडा नव्हता. आम्ही दार तोडलं, तेव्हा ती गेलेली होती.

गारखेड्यात त्या वर्षांत इमारती वाढत होत्या आणि नळ आटत होते. सकाळीच हंडा ठेवून टँकरसाठी नंबर लावायचा, ही गल्लीची रीत. मंदाताई तृतीयपंथी, पिको-फॉलचं दुकान चालवायची. ती राहायला आली त्या उन्हाळ्यात कुणीतरी तिचा हंडा उचलून रांगेच्या शेवटी नेला. तिनं तो परत जागेवर आणला, पालथा घातला, वर बसली आणि पिशवीतून पुस्तक काढून वाचायला लागली.

"उचला आता. माझ्यासकट उचला."

अशी तिच्याकडं अकरा पुस्तकं होती. सगळी तिच्यासारख्यांनी लिहिलेली, नाहीतर त्यांच्या आयांनी. उरलेल्या फॉलच्या कापडाची कव्हरं तिनं शिवली होती, त्यामुळं गल्लीला पुस्तकांची नावं नव्हे, रंग पाठ. रांगेत कुणी वेडंवाकडं विचारलं की ती त्याच्या हातात पुस्तक ठेवायची. "वाचल्याबिगर विचारायचं नाय!"

समोरच्या काकूंनी एकदा हळूच विचारलं, "तुमच्यात लग्नं होतात का हो?"

"जांभळं घ्या, काकू. चाळीस पानं सोडून वाचा. आधी लई रडारड हाये, बीपी वाढंल तुमचं."

काकूंनी ती चाळीस पानंच आधी वाचली.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. नोंदवही करून देतो म्हटलं, तर म्हणाली, "मास्तर, तुमच्या कपाटाला कुलूप असतंय. आपल्याला नाय जमायचं."

हिरवं पुस्तक मात्र ती कुणाला देत नसे. "ते माझ्या भावाचं हाये. पैठणला जायचंय." एवढंच सांगायची.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत ते पाकिटासकट सापडलं. भावाच्या पत्त्यावर रजिस्टरनं धाडलेलं, 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलेलं. खाली तशीच जुनी पाकिटं होती. प्रत्येक वेळी तेच पुस्तक नव्या पाकिटात.

दहाव्याला भाऊ एसटीनं आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"घर का सोडलं, आमाला कधी कळलंच नाय. तुमाला काय बोलली का, सर?"

मी तोंड उघडायच्या आत काकू पुढं झाल्या. हिरवं पुस्तक पाकिटासकट त्याच्या हातात ठेवून म्हणाल्या, "वाचल्याबिगर विचारायचं नाय."

त्यानं पाकिटावरचं अक्षर ओळखलं. या वेळी परत दिलं नाही.

आता दहा पुस्तकं टँकरच्या रांगेत फिरतात. हिरवं पैठणला आहे.