नानांची अळणी कवायत

म्हसवडकडच्या लग्नात मीठ वाढणारा माणूस नानांच्या रांगेत शिरला, की नाना असे गरजत की तीन शेतं पलीकडची मेंढरं चरायची थांबत. "माघारी फिर. हितं मिठाला बंदी हाय." मग पिशवीतून घरची अळणी भाकरी आणि अळणी कालवण काढून ते नवरदेवाच्या डोळ्यांदेखत खात.

नाना आमचे शेजारी, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या बायकोची, गोदाकाकींची, किडनी अधू झाली आणि रक्तदाब चढला. पाठोपाठ नानांनी जाहीर केलं, "मलाबी त्योच आजार." दोघांना माझ्या जीपमधून मिरजेला नेणं माझ्याकडे आलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई अशा रुग्णांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइड किती, ते तपासत होत्या. त्यांनी समजावलं, की हा वायू रक्तवाहिन्या सैल ठेवतो. काकींसारख्यांत तो कमी पडतो, मग वाहिन्या आवळतात.

परतीच्या वाटेवर नानांनी त्या वायूला वर्दी चढवली. "गड्या, नळ्या म्हंजे जवान आन् वायू म्हंजे सुभेदार. त्यो 'विश्राम' म्हनला की नळ्या सैल. सुभेदारच रजेवर गेला, तर जवान कायम सावधान. मग दाब चढंल न्हाई तर काय हुईल?"

तेव्हापासून बांधावरचं भांडण असो की अडलेला बैल, नाना मधे उभे राहून म्हणत, "विश्राम." बैल ऐकायचा. भांडणारे नाही.

पुढे बाईंना तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं झालं. नानांना ती कुस्तीच वाटली. तालमीतले पैलवान दूध-बदाम चारून त्यांनी जीपमध्ये असे कोंबले, की चढाला पुढची चाकं रस्त्याला टेकेनात. "माण तालुक्याची इज्जत हाय. आपला वायू पडाय नगं," वाटभर तेच.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, उपाशीपोटी आणा म्हटलं होतं."

या धांदलीत उपाशी राहिले होते एकटे नाना. बाई म्हणाल्या, "मग तुम्हीच बसा. तुमची किडनी ठणठणीत आहे, दाबही उत्तम."

मी नानांकडे बघतच राहिलो. तपासणीसाठी सोबत आलेल्या काकी तेवढ्यात वजन करायला गेल्या होत्या. नानांनी दाराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

"तिला बोलू नगंस. मीठ सोड म्हनून लय सांगितलं. ऐकंना. चोरून लोनचं खायाची. मला झालंय म्हनलं, तवा त्याच दिशी बरनी शेजारी दिऊन टाकली."

ती बरणी आमच्याच घरी आली होती. मी ती बोटांनी पुसून खाल्ली होती.

काकी आल्या. बाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला. "काकी, दाब उतरलाय बरं का. मीठ असंच कमी ठेवा."

"माझं ऱ्हाऊ द्या वो बाई. ह्यांचं कसं हाय? मी खाल्लं तर ह्येबी खात्याल, म्हनून मी जिभंला लावत न्हाई."

बाईंनी नानांकडे पाहिलं. नाना खुर्चीत ताठ, श्वास धरून, नजर समोर.

"यांनीही मीठ कमीच ठेवायचं," बाई म्हणाल्या.

नानांचे खांदे हळूच खाली आले.