बाईंच्या घड्याळाची साक्ष

"बाई, घड्याळाला चावी मी देत जाईन," एवढंच मी म्हणालो होतो. त्या एका वाक्यापायी मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं.

बाई म्हणजे तिसरीत मला शिकवणाऱ्या बाई. पुढे त्या आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर राहायला आल्या. त्यांच्याकडे वडिलांचं जुनं टोल्यांचं घड्याळ होतं. ते बंद पडलं, कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी चालू करून दिलं, आणि नेमके त्याच महिन्यात बाईंचे गुडघे धरले. स्टुलावर चढून दर रविवारी चावी द्यायचं आणि वेळ लावायचं काम माझ्याकडे आलं. (तिसरीत त्यांनी मला फळासुद्धा पुसू दिला नव्हता, त्यामुळे मी जरा फुशारलोच.)

थोड्याच दिवसांत बाईंची तक्रार सुरू झाली. रेडिओवर बातम्या लागायच्या दहा मिनिटं आधीच घड्याळ टोले देऊन मोकळं. घड्याळजी शनिवारी येऊन काटे जागेवर आणत. रविवारी मी जाई, तर मला ते दहा मिनिटं मागे दिसे. मी ते पुढे करून खाली येई. पुढेही जातं आणि मागेही, म्हणजे या माणसाने घड्याळाचं पुरतं वाटोळं केलं, असं माझं मत झालं. ते मी जिन्यात, दुकानात, कचेरीत मिळेल त्याला सांगितलं. घड्याळजींची गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे जायला लागली.

शेवटी बाईंनी दावा लावला आणि माझ्या नावाने समन्स आलं.

"कसलं आहे?" बायकोने विचारलं.

"साक्षीचं. बाईंच्या घड्याळाचं. वेळेच्या पक्क्या माणसालाच बोलावणार ना. बावीस वर्षांत कचेरीत एक दिवस उशीर नाही माझा."

तिने समन्स माझ्या हातातून घेऊन वाचलं. "बरं नाही म्हणून कळवा की."

"समन्स आहे ते, बारशाचं बोलावणं नव्हे."

"मग मीही येते."

मला भरून आलं. एवढी काळजी तिने माझ्या ऑपरेशनच्या वेळीही केली नव्हती.

कोर्ट म्हणजे एक लहानशी खोली, चार बाकं. घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "पैसे परत द्यायला मी तयार होतो, साहेब," ते म्हणाले. "पण चाळीस वर्षांचं दुकान आहे. घड्याळ मी बिघडवलं, हे कबूल करणार नाही."

मग माझी पाळी आली. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही वेळ कशावरून लावता?"

"माझ्या घड्याळावरून." मी ऐटीत मनगट पुढे केलं.

"आत्ता किती वाजलेत त्यात?"

"अकरा चाळीस."

त्यांनी आपलं घड्याळ पाहिलं. कारकुनाने आपलं पाहिलं. घड्याळजींनी तर दोन पाहिली. सगळ्यांचे साडेअकरा.

"कोर्टातली मागे असतील," मी म्हणालो. (आमच्या कचेरीतलंही दहा मिनिटं मागे आहे, असं मी बावीस वर्षं धरून चाललो होतो.)

मागच्या बाकावरून बायको उठली. "साहेब, त्यांचं घड्याळ मी पुढे ठेवते. लग्न झाल्यापासून. हे आंघोळीला गेले की बघून घेते. नाहीतर नोकरी टिकली नसती."

न्यायाधीशांनी तोंडासमोर फाईल धरली. बाईंनी मात्र माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं तिसरीत पाहायच्या. "तुझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं मी. वेळेचं भान नाही." मग त्या घड्याळजींसमोर गेल्या आणि हात जोडले. दावा मागे घेतला. मला म्हणाल्या, "ज्याला ज्याला सांगितलंस, त्याला जाऊन खरं काय ते सांग. मग माझ्याकडे ये." बारा दिवस लागले. मला फार लाज वाटली, पण घड्याळजींच्या दुकानात पुन्हा माणसं दिसायला लागली तेव्हा कुठे नीट जेवलो.

बाई जाऊन आता सहा वर्षं झाली. वरून टोले ऐकू आले की बाई जाग्या आहेत असं वाटायचं. ते ऐकू येईनात, तेव्हा घर फार सुनं वाटलं. घड्याळ त्यांनी आम्हाला ठेवलं, तेही बायकोच्या नावाने चिठ्ठी लिहून. चावी तिच्याकडेच असते.

परवा घड्याळजी तेल घालायला आले होते. काटे पाहून हसले. "पंधरा मिनिटं पुढे आहे हो."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "वय झालं आता तुमचं. दहा पुरत नाहीत."