सुतारबाईंचा लाल ठिपका

हे कुणाला सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं, तरी सांगते. आमच्या गावात शोकसभेला आलेल्या प्रत्येकाचा मोबाइल त्याच्या मनातली भावना नगरपरिषदेला कळवतो, सभेतल्या पडद्यावर प्रत्येकाचा एक ठिपका दिसतो, आणि सगळे ठिपके दुःखाचे, म्हणजे निळे झाले की त्याच जागेवर दिवंगतांचा पुतळा उभा राहतो.

माजी नगराध्यक्ष तात्यासाहेब इंगवले यांची सभा खो-खोच्या मैदानावर भरली. बाराशे चार ठिपके निळे झाले. एक लाल राहिला. तो खांबाला टेकून उभ्या असलेल्या सुतारबाईंचा होता.

भावना निरीक्षक रणदिवे फाइल घेऊन आले.

"बाई, तुमचा ठिपका लाल येतोय."

"येणारच. मला राग आलाय."

"कशाचा?"

"तीस वर्षं इथे मुलींना खो-खो शिकवते. पुतळा आला तर त्या पळणार कुठे? त्याच्याभोवती?"

रणदिव्यांनी ते लिहून घेतलं. "दहा मिनिटं दुःखी व्हाल का?"

"तात्यांचं दुःख मी घरी करून आले."

"मग मैदान जाणार त्याचं करा. आम्हाला कारण लागत नाही, रंग लागतो."

बाईंनी मैदानाकडे पाहिलं. चुन्याच्या रेषा तुडवून पुसट झाल्या होत्या. दुःख अगदी हाताशी होतं, नुसतं सैल सोडायचा अवकाश. बाईंनी दात आवळले. पडद्यावर लाल आणखी गडद झाला.

"ओ बाई, रडा की! ऊन लागतंय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तू गप रे सदू! मघाशी तुझा हिरवा होता, जेवणाचा," एक म्हातारी म्हणाली.

"मी मोबाइल बंद करू का?" बाईंनी विचारलं.

"नको, नको! पडद्यावर भोक पडतं. भोक पडलं की सभा अपूर्ण."

"मग मला बाहेर काढा."

रणदिव्यांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. "सभेतून माणूस उठवायची तरतूद नाही, बाई. फार तर सभा उठवता येते."

"मग उठवा. मी हलणार नाही."

तासाभराने हार कोमेजले, तेव्हा सभा उठवण्यात आली. बाराशे चार माणसं तात्यासाहेबांचा फोटो घेऊन फाटकाबाहेर गेली आणि एस. टी. स्टँडसमोरच्या रस्त्यावर बसली. तिथे नवी सभा भरली आणि तिचा पडदा पूर्ण निळा झाला. टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या.

"जागा काय लिहू?" कारकुनाने विचारलं.

"सभा जिथे आहे ती," रणदिवे म्हणाले.

तात्यासाहेब आता रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. एस. टी. त्यांना वळसा घालून जाते. ड्रायव्हर हात जोडतात. तक्रार एकही नाही.

सांगायचं नव्हतं ते याच्या पुढचं आहे. त्या दुपारी मैदान रिकामं झाल्यावर बाई खांबापाशी एकट्याच उरल्या; मी फाटकाआडून पाहत होते. तात्यासाहेब शाळेत त्यांच्याच वर्गात होते, आणि याच खांबाला धरून वळायचे. बाईंनी खांबावरून हात फिरवला. ठिपके मोजणारं आता कुणी नव्हतं. मैदानावरचा पडदा मात्र चालू होता, आणि त्यावर त्यांचा ठिपका हळूहळू नि

"ओवी! वही ठेव! मैदानात ये, पाळी तुझी आहे!"

आले, बाई!