शेवटच्या ग्रहावरचा चहा

मी आयुष्यात एकच ग्रह जिंकला, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पिपरी मेघेला आमच्या शेजारी वामनभाऊ राहत. शाळेत चित्रकला शिकवत आणि घरी आभाळ चालवत. जुन्या कॅलेंडरांचे कागद उलटे चिकटवून त्यांनी चादरीएवढं आभाळ केलं होतं. त्यावर रंगवलेले ग्रह, आणि ते जिंकायचा खेळ. तुरीचे दाणे म्हणजे यानं. एकेक ग्रह एकेका गटाचा. बाहेरगावचे गट पोस्टकार्डानं चाली कळवत किंवा रविवारी आमच्यासारखे ओट्यावर जमत. आभाळ सांभाळणाऱ्यानं स्वतः खेळायचं नाही, हा भाऊंचाच नियम.

गट कसा असावा, हे ते कधी सांगत नसत. "भाऊ, आमच्या गटाले राजा ठेवू का?" विचारलं की म्हणत, "मले काऊन विचारता? आभाळ माहं, भांडनं तुमची!"

मग जो तो आपले कायदे करी. अल्लीपूरच्या गटाचा पहिला कायदा: बाजाराच्या दिवशी लढाई बंद. वडनेरच्या गटात माणसं तीन आणि तिघेही सेनापती. एकदा कोंबडीनं ओट्यावर चढून त्यांचं अख्खं आरमार टिपलं. तिघे बोंबलले. भाऊ म्हणाले, "अंतराळात असं होत राह्यते, बावा," आणि खेळाच्या वहीत लिहिलं: अज्ञात प्राण्याचा हल्ला.

कोपऱ्यात शेवटचा ग्रह होता. त्याचा प्रमुख कुणी पाहिला नव्हता. यानं नाहीत, सैन्य नाही. वेड्यावाकड्या अक्षरात त्याचं कार्ड सगळ्यांना येई: "आमचा कायदा एकच. जो येईन त्याले चहा. कोनी येता का?" आम्ही हसायचो. गेलं कुणी नाही.

मी गेलो. नऊ दाणे घेऊन गेलो आणि ग्रह घेतला. "सैन्य नाई तं गट कायचा? पुसा नाव," मी ऐटीत म्हणालो. भाऊंनी खोडरबरानं नाव पुसलं, कागदावर फुंकर मारली, "चहा सांगतो" म्हणून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

चहा वहिनींनी आणला. हळूच म्हणाल्या, "तो गट त्याइचाच होता, भाऊजी. डाव्या हातानं कार्डं लिहत. साऱ्याइले मी खेळवतो, मले कोनी खेळाले बोलवत नाई, म्हनत."

तो चहा तसाच ओट्यावर ठेवून मी घरी आलो. आठवडाभर मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी पोचलो. शेवटच्या ग्रहावर त्याचं नाव पुन्हा लिहिलं. माझे नऊही दाणे भाऊंच्या मुठीत दिले आणि ती वही माझ्या मांडीवर ओढली.

"तुमच्या ग्रहावर चहाले आलो, भाऊ," मी म्हणालो. "माहं चुकलं. आजपासून आभाळ माहं, भांडनं तुमची."